सुईत दोरा ओवता येतो, म्हणून?

"मला कशाला हवी डोळ्यांची तपासणी? अजून सुईत दोरा ओवते मी!" माझ्या मोठ्या जाऊबाईंचं हे ठरलेलं उत्तर. अकरा वर्षांचा मधुमेह. गेल्या श्रावणात एका सकाळी त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काळे दोरे तरंगू लागले आणि संध्याकाळपर्यंत जाळं धरल्यासारखं झालं. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. त्यांचा प्रश्न एकच, "दोन वर्षं साखर अगदी कंट्रोलमध्ये आहे. मग हे आत्ता कसं?"

मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांचाच हा समज असतो. रिपोर्ट चांगला आला की सुटलो! मी मग डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलंही.

शाळेत शिकलेली तंतुकणिका आठवते? पेशीचं ऊर्जाकेंद्र. पेशीतली चूलच म्हणा ना. डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, सतत खूप ऊर्जा लागते, त्यामुळे तिथल्या चुली अखंड पेटलेल्या. रक्तात साखर वाढली की या चुलीत जळण कोंबल्यासारखं होतं आणि धूर होतो. हा धूर म्हणजे ऑक्सिजनचे घातक कण. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए असतो (तो आपल्याला आईकडून येतो बरं का!), तो या धुरात खराब होतो. मग चूलच बिघडते आणि आणखी धुरकटते. बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी मरतात, वाहिन्या पाझरू लागतात. पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यातूनच रक्त येतं.

यातली बरीच वर्षं नजर स्वच्छ असते. सुईत दोरा जातो!

आणि जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर? अमेरिका-कॅनडात १४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, १९९३ मध्ये संपला. टाइप १ मधुमेहाचे रुग्ण होते ते. नंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधी जास्त साखर असलेल्यांचे डोळे पुढे कित्येक वर्षं अधिक बिघडत राहिले. शरीर जुनी साखर विसरत नाही. बिघडलेल्या चुली हे त्याचं एक कारण असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे साखर आटोक्यात ठेवायचीच, जितक्या लवकर तितकं बरं. पण आजचा चांगला रिपोर्ट म्हणजे डोळ्यांची हमी नव्हे.

आपण तपासणी टाळतो ती अज्ञानानेच असं नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं, सोबत कुणीतरी लागतं. सोबत कोण येणार, आणि संध्याकाळचा स्वयंपाक? नवऱ्याच्या तपासणीला मात्र आपण सुट्टी टाकून जातो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला की तपासणी झाली, असंही कितीजणी धरून चालतात! मला तर वाटतं, साखरेच्या गोळ्या लिहून देतानाच डॉक्टरांनी पडद्याच्या तपासणीची तारीखही लिहून द्यावी. टाइप २ असेल तर निदान होताच, मग साधारण दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या मुलीला दिवस गेले तर लगेचच.

जाऊबाईंना लेसर करावं लागलं. पुढचं नुकसान थांबलंय, गेलेलं सगळं परत आलेलं नाही.

मलाही चार वर्षं गोळ्या सुरू आहेत. मागच्या मंगळवारी मी थेंब घालून घेतले. सोबतीला जाऊबाईच होत्या. रिक्षाचे पैसे त्यांनी मोजून दिले, कारण मला नोटा दिसत नव्हत्या.