एवढे सगळे, आणि वर एव्हरेस्टही! : २ जून १९५३ चे मथळे

१/१२
जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण हाती लागले की आपण इतिहासप्रेमी ते कोर्टातल्या दस्तऐवजासारखे फडकावतो. ‘हे पाहा, त्याच दिवशी छापून आले होते!’ मित्रहो, माझे मत थोडे वेगळे आहे. मथळा हा पुरावा असतोच. पण घटनेचा कमी आणि तो ज्या टेबलावर लिहिला गेला त्या टेबलाचा अधिक. खात्री पटत नसेल तर २ जून १९५३ ची लंडनची वर्तमानपत्रे उघडू.

२/१२
त्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत राणी दुसरी एलिझाबेथ हिचा राज्याभिषेक होता. महायुद्ध जिंकून आठ वर्षे झाली होती, तरी इंग्लंडात साखर अजून रेशनवरच होती. साम्राज्याचा सर्वांत मोठा तुकडा, म्हणजे आपण, १९४७ मध्येच हातून निसटला होता. वर पाऊस! मांडव सजला, पाहुणे जमले. पण यजमानाला मिरवायला काहीतरी खणखणीत हवे होते. ते नेमके आदल्या संध्याकाळी हिमालयातून येऊन पोहोचले.

३/१२
‘डेली एक्स्प्रेस’ने त्या सकाळी दिलेल्या मथळ्याचा मराठी भावार्थ असा : ‘एवढे सगळे, आणि वर एव्हरेस्टही!’ आहेराच्या ढिगावर आणखी एक चांदीचे ताट येऊन पडावे, तसा हा पर्वत त्यात जमा झाला. मोहीम ब्रिटिश होती आणि तिचे नेते जॉन हंट होते, हे खरेच. पण पर्वत नेपाळ-तिबेट सीमेवरचा. माथ्यावर पोहोचलेल्यांपैकी एडमंड हिलरी न्यूझीलंडचे, व्यवसायाने मधमाश्या पाळणारे. आणि तेनसिंग नोर्गे दार्जिलिंगला राहणारे शेर्पा. आहेर मात्र लंडनच्या नावावर चढला.

४/१२
‘द टाइम्स’ची तऱ्हा त्याहून निराळी. मोहिमेच्या वृत्तांताचे हक्क याच पत्राकडे होते, बातमी त्यांचीच. परंतु पहिल्या पानावर बातमी छापणे त्यांच्या शिष्टाचारात बसत नसे. तेथे छोट्या जाहिराती असत आणि ही प्रथा १९६६ पर्यंत टिकली. जगाचे सर्वोच्च टोक सर होवो की आणखी काही, दर्शनी ओसरीचा मान जाहिरातदारांचा; बातमीने माजघरात बसायचे. शिवाय वार्ताहराचे नाव छापण्याचीही रीत नव्हती. ‘आमच्या खास प्रतिनिधीकडून’ एवढेच.

५/१२
हे खास प्रतिनिधी म्हणजे जेम्स मॉरिस. पुढे जॅन मॉरिस या नावाने जगभर नावाजलेल्या लेखिका. हिलरी आणि तेनसिंग २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास माथ्यावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी ते खालच्या छावणीत परतले, तेव्हा मॉरिस तेथे हजर होते. बातमी मिळताच ते अंधारत चाललेल्या, भेगाळलेल्या हिमप्रपातातून धडपडत बेस कॅम्पला उतरले. घाईचे कारण उघड होते. बातमी फोडण्यासाठी इतर पत्रांचे वार्ताहर टपलेले होते. ‘डेली मेल’चे राल्फ इझर्ड तर त्या मोसमात थेट बेस कॅम्पपर्यंत येऊन गेले होते.

६/१२
म्हणून मॉरिस यांनी सांकेतिक भाषा आधीच ठरवून ठेवली होती. संकेतही असा की वाचणाऱ्याला तो संकेत आहे हेच कळू नये. संदेशाचा आशय होता : बर्फाची स्थिती वाईट, पुढचा तळ सोडून दिला, सुधारणेची प्रतीक्षा, सर्व ठीक. पहिल्या तुकड्याचा खरा अर्थ ‘एव्हरेस्ट सर झाले’. ‘तळ सोडून दिला’ म्हणजे हिलरी. ‘सुधारणेची प्रतीक्षा’ म्हणजे तेनसिंग. युद्धकाळात हेरांनीही हेवा करावा असा हा बेत.

७/१२
आता या बातमीचा प्रवास पाहा. बेस कॅम्पवरून एक धावक चिठ्ठी घेऊन नामचे बाजारला गेला. तेथे भारत सरकारचे बिनतारी केंद्र होते. आपल्या चालकाने तो संदेश इमानेइतबारे काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीकडे पाठवला आणि तेथून तो लंडनला गेला. म्हणजे शतकातली एक मोठी बातमी भारतीय यंत्रातून, भारतीय बोटांखालून गेली; पण अर्थ लपवलेला असल्याने येथे कोणाला काही उमगले नाही.

८/१२
परिणाम असा की दार्जिलिंगच्या माणसाचा पराक्रम दार्जिलिंगला लंडनमार्गे कळला. योगायोग असा की आपले पंतप्रधान नेहरूही त्या दिवशी राज्याभिषेकासाठी लंडनमध्येच होते. परसातला फणस बाजारात जाऊन परत आपल्याच दारी विकायला यावा, तशातली ही गत. यात मॉरिस यांचा दोष नाही. वार्ताहराने आपल्या पत्राची बातमी राखावी, हा त्याचा धर्मच. पण वाट कोणाची आणि बातमी कोणाची, याची नोंद आपण ठेवायला हवी.

९/१२
आणि तो संकेत! जगाच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे सांकेतिक नाव ‘सुधारणेची प्रतीक्षा’. कोणी मुद्दाम ठरवले नसेल. पण पुढे जे घडले त्याला ते चपखल बसले. हंट आणि हिलरी यांना नाइटहूड मिळाली, ते ‘सर’ झाले. तेनसिंग यांना जॉर्ज पदक मिळाले. दोर एक, माथा एक, तास एक. मानाच्या पायऱ्या मात्र दोन.

१०/१२
लंडनला हसून आपण मोकळे होऊ नये. टेबल काठमांडूतही होते. परतणाऱ्या चमूच्या स्वागताला जी चित्रे झळकली, त्यांत तेनसिंग शिखरावर उभे आणि दमलेल्या हिलरींना ते दोराने वर ओढत आहेत, असा देखावा होता. लंडनने पर्वत राणीला वाहिला, काठमांडूने हिलरींना सामान करून टाकले. ‘आधी पाऊल कोणाचे?’ हा वाद इतका पेटला की आपण जवळजवळ एकदमच पोहोचलो, अशा निवेदनावर दोघांना सह्या कराव्या लागल्या.

११/१२
तेनसिंग यांनी १९५५ मध्ये आत्मकथनात सरळ सांगून टाकले : हिलरी काही पावले पुढे होते. ज्या उत्तरासाठी देश हमरीतुमरीवर आले, त्याचे त्यांना स्वतःला फारसे अगत्य नव्हते. जोडीने चढलेल्यांना ‘पहिला कोण’ हा प्रश्नच पोरकट वाटतो. माथ्यावर तेनसिंग यांच्या कुऱ्हाडीला संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत असे चार झेंडे बांधलेले होते. चारही झेंडे एका काठीवर मावले. एका मथळ्यात मावले नाहीत.

१२/१२
म्हणून पुढच्या वेळी जुने कात्रण सापडले की ते जरूर जपा, सर्वांना दाखवा. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. बातमी कुठून निघाली? कोणाच्या वाटेने आली? आणि येता येता कोणाचे नाव गळले? २ जून १९५३ च्या मथळ्यांत राणी आहे, साम्राज्य आहे, एव्हरेस्ट आहे. चिठ्ठी घेऊन नामचे बाजारपर्यंत गेलेला तो धावक नाही. तो वेळेवर पोहोचला नसता, तर लंडनच्या हाती त्या सकाळी नुसता पाऊस उरला असता.