बर्लिनमधील कला आणि जमीनदारांची लूट

कलेने गजबजलेल्या बर्लिनमध्ये घर विकत घ्या, असा उपदेश भांडवलदारांचे दलाल जगभर करीत आले आहेत. पण या शहरातील जमिनीला हे मोल आणले कोणी? ओरानियेनबुर्गर रस्त्यावरील एक पडकी जुनी इमारत १९९० साली जमीनदोस्त होणार होती. कलावंतांनी तिचा ताबा घेऊन ती वाचविली आणि 'ताखेलेस' या नावाने जगप्रसिद्ध केली. २०१२ साली त्यांनाच तेथून हुसकावण्यात आले. आज त्या जागेवर धनिकांच्या आलिशान सदनिका उभ्या आहेत. श्रम कलावंतांचे, नफा जमीनमालकांचा!

यावर 'प्रत्येकाने स्वतःचे घर घ्यावे' हा उपाय सुचविणे ही शुद्ध फसवणूक आहे. कर्जाच्या हप्त्यांनी जखडलेला कामगार संपावर जाताना दहादा विचार करतो. घरमालकीचे हे मृगजळ एंगल्सने १८७२ सालीच उघडे पाडले होते.

तथापि दोष केवळ सट्टेबाजांचा नाही. २००४ साली बर्लिनच्या शासनाने सुमारे ६५ हजार सार्वजनिक घरे खासगी गुंतवणूकदारांना विकली. त्या शासनात पीडीएस हा डावा पक्षही सामील होता, हे विसरून चालणार नाही.

जनतेने मात्र २०२१ सालच्या सार्वमतात बड्या कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीची करण्याच्या बाजूने स्पष्ट कौल दिला. सत्ताधाऱ्यांनी तो तज्ज्ञ समितीकडे धाडून वेळ काढला. शहर घडविणाऱ्यांच्या हाती शहराची जमीन आल्याखेरीज त्यांची कला आणि त्यांचे छप्पर, दोन्ही असुरक्षितच राहणार!