आठव्या दिवसापासूनचं काय?

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली.



मे २०२५ मध्ये तुमच्या मंत्रालयानं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी जानेवारीत मुदत घालून दिली, तेव्हा कुठं ती आली हे खरं. पण आली हे चांगलंच झालं. अनामत रक्कम भरायला पैसे नाहीत म्हणून खोळंबलेला जखमी हातचा जातो, हे महामार्गाकाठच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. उसाच्या हंगामात निपाणीकडून तवंदी घाटाकडं रात्री दुचाकीवरून जाऊन बघा. मागं दिवा नसलेली ट्रॉली पुढ्यात आली की घरची माणसं आठवतात.

मला मात्र तुमच्याशी आठव्या दिवसापासूनचं बोलायचं आहे.

माझ्या धाकट्या भावाला याच महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर मागून धडक बसली. मणका मोडला, कंबरेखालचं बळ गेलं. ऑपरेशन नीट झालं. ‘जीव वाचला, एवढं पुष्कळ झालं’ असं पाहुणेरावळे म्हणून गेले. घरी सोडताना भावजयीच्या हातात एक फाईल, औषधांची पिशवी आणि कागदाच्या तळाशी एक ओळ आली: फिजिओथेरपी चालू ठेवावी. कुठं, कोणाकडं, किती दिवस, काही नाही. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण असाच कागद घेऊन आलेली माणसं मला पुढं इतर दवाखान्यांच्या बाकांवरही भेटली.

मणक्याच्या दुखापतीत ऑपरेशननंतर जे सुरू होतं त्याची कल्पना घरच्यांना कोणी देत नाही. शरीराच्या ज्या भागाला जाणीवच उरत नाही तो भाग दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस आपणहून हलत नाही. आपण झोपेत नकळत कितीदा कूस बदलतो. त्याची कूस दुसऱ्यानं बदलावी लागते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. नाही बदलली तर माकडहाडावर आधी लाली येते. बोट दाबून सोडलं तरी ती जागा पांढरी पडत नाही. तिथंच सावध व्हायचं असतं. भावजयीला ते ठाऊक नव्हतं. तिनं लालीवर हळद लावली, वरून पावडर मारली. त्या लालीचा खड्डा झाला, खड्ड्यात पू झाला आणि वाचलेला जीव पुन्हा धोक्यात आला. लघवीचंही तसंच. कॅथेटर हाताळण्याआधी हात साबणानं धुवायचे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवायची, इतकी साधी गोष्ट न शिकवल्यानं ताप येतो. तो ताप अंगावर काढला की मूत्रपिंडं जाऊ शकतात. पाय रोज ताणले नाहीत तर घोटे आखडतात, मग पाय चाकाच्या खुर्चीच्या पायदानांवरही टेकत नाहीत.

यातलं कोणतंच काम मोठ्या डॉक्टरचं नाही. रुग्णालयातून निघण्याआधी दोनतीन दुपारी शिकवता येईल एवढंच ते आहे.

भावजय तंबाखूच्या वखारीत जायची. आता जात नाही. कमावणारा माणूस अंथरुणाला खिळला आणि दुसरी कमावणारी त्याच्या उशाशी बांधली गेली, असं दुहेरी नुकसान झालं. त्याची नोंद मात्र कुठं होत नाही. तुमच्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांविषयी तुम्ही संसदेत कळवळून बोलता, ते आम्ही ऐकतो. जखमींच्या आकड्याला पुढचं आयुष्य असतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

अपघातग्रस्ताला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ म्हणून सरकार २५ हजार रुपये देतं. द्यावेतच. पण त्याच जखमीला पुढं वर्षानुवर्षं उचलणारी, धुणारी, पालथा-उताणा करणारी बाई सरकारच्या लेखी कोण?  २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजी घेणाऱ्याचा भत्ता लिहिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मेंदूला कायमची इजा झालेल्या एका मुलीच्या दाव्यात दोन मदतनीसांचे दरमहा पाच-पाच हजार धरून, १८ वर्षांच्या हिशेबानं २१ लाख ६० हजार रुपये केवळ सांभाळण्यापोटी मंजूर केले. म्हणजे या कामाला मोल आहे हे न्यायालयाला मान्य आहे. पण तिथवर पोचायचं कसं? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. मणका मोडलेल्याच्या घरात पहिले सहा महिने वकिलाचा विचार करायला उसंत कोणाला असते?

फौजेत ही पुढची काळजी वेगळी घेतली जाते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळं आमच्या भागात गावोगावी फौजी आहेत, आणि त्यांना ठाऊक आहे की मणक्याला मार बसलेल्या जवानासाठी खडकीला वेगळं पुनर्वसन केंद्र आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. सगळेच पेटकर होत नाहीत, व्हायचंही नसतं. आमच्या भावाला फक्त स्वतःच्या हातांनी खाटेवरून खुर्चीत जाता यायला हवं होतं. नागरिकांसाठी आमच्या टापूत जे उभं राहिलं ते बरंचसं माणसांच्या जिद्दीवर. सोळाव्या वर्षी पाय निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. चाळीस वर्षांनंतरही एखाद्या संस्थेकडंच बघायचं, हे सरकारला शोभत नाही.

हे पत्र मी बेंगळुरूला किंवा मुंबईला न लिहिता तुम्हाला का लिहितो? कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातलं कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. साहजिकच जखमी कोल्हापूरला जातो. पण फिर्याद निपाणीत, दाखला बेळगाव जिल्ह्याचा, अर्ज कन्नडमध्ये, आणि फायदा कोणत्या राज्याचा यावर वाद. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना जनआरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकानं हरकत घेतली. दोन राज्यांच्या सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो कधीही सुटो. मी मराठी आहे आणि माझं मत लपवत नाही, पण पाठीवरची जखम त्या निकालाची वाट बघत नाही. महामार्ग केंद्राचा, अपघात निधी केंद्राचा, सात दिवसांची योजना केंद्राची. पुढचे दिवसही केंद्रानंच धरले तर हद्दीचा प्रश्न उरत नाही.

त्यासाठी मोटार वाहन अपघात निधीतून मणक्याला किंवा मेंदूला मार बसलेल्या आणि अवयव गमावलेल्या जखमींना काही आठवड्यांच्या निवासी पुनर्वसनाचा खर्च द्यावा, राज्य कोणतंही असो. निपाणीच्या सरकारी दवाखान्यात किमान एक पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट आणि मापाप्रमाणं खुर्ची बसवून देणारा जाणकार असावा. शिबिरात सगळ्यांना एकाच मापाची वाटलेली खुर्ची जुन्या घराच्या दारातून आतही येत नाही, आणि बसणाऱ्याच्या कुल्ल्यांना जखमा करते ते वेगळंच.

तुम्ही स्वतः कुटुंबासह मोठ्या अपघातात सापडला होता आणि बराच काळ रुग्णालयात होता, हे तुम्हीच डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलंत. त्या काळात तुमच्या घरच्यांनी काय काय केलं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. म्हणून शेवटची मागणी, जिला नवा कायदा लागत नाही. योजनेच्या पैशावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला एक अट घाला: कूस बदलणं, कॅथेटरची स्वच्छता आणि खाटेवरून खुर्चीत घेणं, या तीन गोष्टी घरच्या एका माणसाला त्याच्या भाषेत करून दाखवल्या, त्याच्याकडून करून घेतल्या आणि त्यानं तशी सही केली, की मगच डिस्चार्ज. निपाणीत ती भाषा मराठी असेल, चिक्कोडीत कन्नड. बिलाबरोबर हा कागद जोडलेला नसेल तर रुग्णालयाचे पैसे थांबवा.

आपला,
एक निपाणीकर