पासवर्ड कोणाचा, कशासाठी?

दुकानातील संगणकावर नवे सॉफ्टवेअर चढवताना किंवा जुने काढताना पडद्यावर चौकट येते : ‘पासवर्ड’. कोणाचा, कशासाठी, याचा अनेकदा पत्ता नसतो. लिनक्सची ‘सु’ ही आज्ञा ‘रूट’चा, म्हणजे मुख्य चालकाचा पासवर्ड मागते, पण विचारते नुसते ‘पासवर्ड’. ‘सुडो’ बहुधा वापरणाऱ्याचाच मागते आणि निदान त्याचे नाव तरी घेते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅमचे नाव दिसू लागले. मात्र तो नेमके काय बदलणार, हे त्या चौकटीत आजही कळत नाही.

यात नुकसान व्यापाऱ्याचे आहे. विचारले की टाका, ही सवय नोकरमंडळींना लागली की खोट्या चौकटीतही पासवर्ड जातो आणि दुकानाचा सारा हिशेब परक्याच्या हाती पडतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही कुरआनची शिकवण आहे (सूरह बकरा, आयत २८२). मग येथे कोऱ्या कागदावर सही का मागावी?

कोणाचा पासवर्ड, कोणते सॉफ्टवेअर, चढवायचे की काढायचे, या तीन गोष्टी चौकटीत लिहिणे बनवणाऱ्यांचे कर्तव्य आहे. तोवर व्यापारी बांधवांनी मुख्य पासवर्ड स्वतःजवळच ठेवावा आणि आपण काही सुरू केले नसताना चौकट आली, तर ती सरळ रद्द करावी.