महापुरुषांचा बुद्ध्यंक काढता येत नाही

शिवाजी महाराजांचा बुद्ध्यंक किती होता, असा प्रश्न हल्ली सहज विचारला जातो आणि त्याला ठाम आकड्यात उत्तरही मिळते. राजगड-तोरण्याच्या मुलखात, कामथडीसारख्या गावात वाढणाऱ्या मुलांनी असले आकडे पाठ करू नयेत, असे मला मनापासून वाटते.

आधी पूर्वपक्ष. चरित्रातल्या नोंदींवरून बुद्ध्यंक ठरवण्याच्या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत कॅथरीन कॉक्स यांनी १९२६ मध्ये मांडला. १४५० ते १८५० या काळात जन्मलेल्या ३०१ नामवंतांनी लहानपणी व तरुणपणी काय वाचले, काय लिहिले, याची टिपणे काढून परीक्षकांनी त्यांना आकडे दिले. जर्मन कवी गटे यांच्या वाट्याला २१० आले. समर्थक म्हणतात, परीक्षकांचे अंदाज एकमेकांशी जुळतात आणि माहिती तुटपुंजी असेल तिथे संख्याशास्त्रीय दुरुस्ती करता येते. कॉक्स यांनी साधनांच्या उणिवा लपवल्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. तरीही हा पक्ष टिकत नाही.

परीक्षकांचे एकमत होते, कारण सगळ्यांपुढे तेच टिपण असते. महाराजांचेच उदाहरण घ्या : सभासदाची बखर त्यांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी लिहिली गेली. ती पाच जणांनी वाचली म्हणून साक्षीदार पाच होत नाहीत.

दुसरे, या पद्धतीत बुद्धीपेक्षा कागदच अधिक मोजला जातो. कॉक्स यांच्या यादीतला शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. त्याच्या सतराव्या वर्षापर्यंतच्या माहितीवर आकडा आला १०५, पुढच्या वयाची माहिती धरल्यावर १५०. वाढला तो पुरावा. मग राजगडाच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी उभारणाऱ्या पाथरवटांचे काय? त्यांचे बालपण कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून त्यांना सामान्य ठरवायचे? दुरुस्तीचे गणितही इथे हात देत नाही. ते गृहीतकावर चालते, हरवलेला कागद आणून देत नाही.

तिसरा आक्षेप तर भोर तालुक्यातूनच उभा राहतो. बुद्ध्यंकाच्या मूळ सूत्रात मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. महाराजांच्या जन्माचे वर्ष १६२७ की १६३०, यावर इतिहासकार दीर्घकाळ भांडले. १६३० च्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणजे याच तालुक्यातल्या कारीच्या जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी. तोरणा १६४६ च्या सुमारास घेतला असे धरले, तर तेव्हा वय सोळा की एकोणीस? ते काम चोविशीच्या माणसाचे, असे एखाद्या परीक्षकाने ठरवले, तर एका सनाने उत्तर १५० येते आणि दुसऱ्याने १२६. चोवीस हा आकडाही शेवटी परीक्षकाच्या मनातलाच.

शिवाय मोजपट्टी पुस्तकी शिक्षणाची. महाराज निरक्षर होते, असे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी मानले आणि मराठी अभ्यासकांनी त्याचा प्रतिवाद केला. हा वाद कसाही सुटला, तरी राज्य उभारणारी बुद्धी त्यावर अवलंबून नाही. परदेशी बुद्धिमापन चाचणी विसाव्या शतकातल्या मराठी आणि कानडी मुलांना जशीच्या तशी लावता येईना, म्हणून व्ही. व्ही. कामत यांना ती नव्याने बसवावी लागली. समोर बसलेल्या मुलाच्या बाबतीत इतकी काळजी लागते. मग सतराव्या शतकातल्या, एकाही प्रश्नाचे उत्तर न दिलेल्या माणसाला तीच पट्टी कशी लावायची?

संख्याशास्त्राला माझा विरोध नाही. जे उरले आहे ते जरूर मोजावे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. राखलेल्यांत राजगड आणि तोरणा होते. काय सोडले, काय धरून ठेवले आणि १६७० पासून गमावलेले किती वेगाने परत मिळवले, हे नकाशावर मांडता येते, तारखांनी तपासता येते. नवा कागद सापडला तर हा निष्कर्ष बदलता येतो. बुद्ध्यंकाच्या आकड्याला अशी परीक्षाच देता येत नाही, म्हणून तो इतिहासही नव्हे आणि शास्त्रही नव्हे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. शिवजयंतीच्या भाषणात एखाद्या विद्यार्थ्याने असा आकडा सांगितला, तर त्याला विचारा : कोणत्या कागदावरून? उत्तर नसेल, तर तो आकडा भाषणातून काढायला लावा आणि त्या जागी पुरंदरच्या तहाची यादी वाचायला सांगा.