मोजली न जाणारी आच

शेतीच्या ऊर्जेचा विषय निघाला की चर्चा पंपाच्या विजेवर आणि ट्रॅक्टरच्या डिझेलवर येऊन थांबते, आणि ते एका अर्थी स्वाभाविकही आहे, कारण देशातील विजेचा सुमारे सहावा हिस्सा शेतीकडे जातो आणि तिच्या दरावर निवडणुका लढवल्या जातात. औष्णिक ऊर्जा, म्हणजे जमीन भाजणे, धान्य वाळवणे, रस आटवणे, कंद शिजवणे अशा कामांत प्रत्यक्ष उष्णतेच्या रूपात खर्ची पडणारी ऊर्जा, या चर्चेत जवळजवळ नसतेच. तिचे इंधन पाचोळा, चिपाड, तूस आणि ऊन असल्यामुळे तिचे बिल येत नाही, आणि बिल नाही म्हणून शासकीय तक्त्यांत तिला जागाही नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहाड येथे हा भेद ठळकपणे दिसतो. लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशमाचा धागा काढणारा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना 1950 च्या दशकापासून येथे उभा आहे, आणि अशा कारखान्यातील बॉयलरची नोंदणी, तपासणी आणि वाफेचा टनावारी हिशेब ठेवला जातो. त्याच रेल्वेमार्गावर खडवली-वासिंदकडे किंवा रस्त्याने मुरबाडकडे गेले की भातखाचरे सुरू होतात, आणि तेथे उन्हाळ्यात जळणाऱ्या राबाची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

राब म्हणजे भाताची रोपे ज्या वाफ्यात वाढवायची तो वाफा पेरणीपूर्वी भाजून काढण्याची कोकणातील जुनी पद्धत. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या म्हणजे कवळे, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर, अशी ही रचना असते. आग वाऱ्याच्या उलट दिशेने सरकेल अशा बाजूने लावली जाते, कारण भडका नको, धिमी धग हवी असते. या धगीने तणांचे बी आणि किडींची अंडी मरतात, माती भुसभुशीत होते, राख मिळते आणि मातीतील बांधलेले नत्र काही प्रमाणात मोकळे होऊन कोवळ्या रोपांच्या हाती लागते. ब्रिटिश वनखात्याने कवळ तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष उसळला की 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगाला राबाचा प्रश्न विचारात घ्यावा लागला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबाचा रासायनिक अभ्यासही केला. शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून ज्याची संभावना झाली, तो प्रकार मुळात उष्णतेचा बऱ्यापैकी नेमका वापर होता.

तरीही राब मागे पडतो आहे आणि तो मागे पडावा हेच योग्य. गुरे घटल्याने शेण नाही, कवळ तोडायला मजूर नाही, धूर होतो, आणि डोंगरउतारावरचा पातेरा जाळल्याने तेथील माती उघडी पडते ती वेगळीच. नेरळजवळच्या सगुणा बागेतून पुढे आलेल्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकले जात असल्याने रोपवाटिका आणि तिच्याबरोबर राबही वगळला जातो. दुसरा पर्याय मृदा सौरीकरणाचा, म्हणजे ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून चार ते सहा आठवडे उन्हानेच माती तापवण्याचा. राबाचे काम ऊन करते, कवळ वाचते. यात मेख एवढीच की वाफा मे महिन्यात ओला हवा, आणि ज्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते त्याच तालुक्यातील पाड्यांना त्या दिवसांत पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

राबाहून मोठा प्रश्न सुगीनंतरच्या उष्णतेचा आहे आणि त्याकडे लक्ष कमी गेले आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला की कापलेले भात खाचरात भिजते, त्याला मोड येतात आणि व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडतो. एक टन भात 20 टक्के ओलाव्यावरून 14 टक्क्यांवर आणायचे तर सुमारे 70 किलो पाणी उडवावे लागते. त्याच एक टन भातातून भरडल्यावर 200 किलोच्या आसपास तूस निघतो, आणि वाळवणी यंत्रात निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तरी त्यातला 30 किलो तूस या कामाला पुरतो. गाव स्वतःच्या जळणावर स्वतःचे भात वाळवू शकते, एवढा या आकड्यांचा अर्थ आहे. प्रत्यक्षात भात भिजत राहते आणि गिरणीतला तूस वीटभट्टीकडे किंवा कारखान्याच्या बॉयलरकडे रवाना होतो.

देशाचा कलही याच दिशेचा आहे. उसाचे चिपाड गुऱ्हाळाच्या चुलाणातून साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीकडे, म्हणजे एकाच इंधनातून वाफ आणि वीज दोन्ही काढण्याच्या व्यवस्थेकडे, गेले. शेतातील काडीकचरा दाबून केलेला ‘पांढरा कोळसा’ उद्योगांच्या भट्ट्यांत जातो. आणि औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैवभार मिसळावा असे 2021 चे केंद्रीय धोरण आहे. अपवाद हळदीचा म्हणता येईल, कारण सांगली-हिंगोलीत उघड्या कढईची जागा वाफेच्या कुकरने घेतली तेव्हा इंधन आणि वेळ दोन्ही वाचले आणि उष्णता शेतकऱ्याच्या खळ्यावरच राहिली. एरवी उष्णता शेतातून बाहेर जाते आणि मूल्यवर्धनाचा पैसाही तिच्याच मागोमाग जातो.

केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेपासून राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’पर्यंत मुख्य भर पाणी उपसण्यावर आहे. वाळवणी यंत्राला यांत्रिकीकरणाच्या योजनांत अनुदान मिळू शकते, परंतु एक-दोन एकरांच्या खातेदाराने वर्षातून पंधरा दिवस चालणारे यंत्र एकट्याने घ्यावे ही अपेक्षाच चुकीची आहे; ते भातगिरणीला जोडलेले आणि भाड्याने चालणारे हवे. मुरबाड आणि शहापूरच्या सहकारी सोसायट्यांनी पुढच्या सुगीपूर्वी एकेका गिरणीत तुसावर चालणारी अशी भट्टी बसवून पाहावी, आणि कृषी विभागाने तिच्या जळणाचा व वाळलेल्या भाताचा किलोवारी हिशेब गावाच्या फलकावर लावावा.