शून्य, एक आणि आपले नाव

शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती किंवा पासपोर्टचा अर्ज भरायची वेळ आली की आपल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘नाव जुळत नाही.’ माणूस तोच, पण एका कागदावर ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग एक आणि दुसऱ्यावर दुसरे. कारकुनाला कळते, मग संगणकाला का कळू नये? त्यासाठी संगणक अक्षर कसे साठवतो, ते या महिन्यात पाहू.

संगणकाच्या आत अक्षरे नसतात. असतात ती असंख्य सूक्ष्म बटणे. प्रत्येक बटण चालू किंवा बंद. चालूला १ म्हणायचे, बंदला ०. विजेच्या दहा वेगवेगळ्या पातळ्या अचूक ओळखण्यापेक्षा ‘आहे की नाही’ एवढेच ओळखणे सोपे आणि खात्रीचे, म्हणून दोनच अंक. अशा एका अंकाला बिट म्हणतात, आठ बिटांचा एक बाइट.

घरातल्या बोर्डावर आठ बटणे आहेत असे समजा. डावीकडून त्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. चालू बटणांची बेरीज म्हणजे तो आकडा. अशा २५६ रचना होतात. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की या संकेतावलीवरून आज लहान लिपीतल्या इंग्रजी ‘ए’ला ९७, म्हणजे ०११००००१, आणि ‘ई’ला १०१, म्हणजे ०११००१०१, असे आकडे आहेत.

नीट पाहा, दोन्हींत फक्त चारच्या बटणाचा फरक आहे. शेख हे नाव कोणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो, कोणी एस-एच-ई-आय-के-एच. सहा अक्षरांचे ४८ बिट. त्यांतले ४७ सारखे, एक वेगळा. मोहम्मदच्या शेवटी कोणी ‘एडी’ लिहितो, कोणी ‘ईडी’, तिथेही तेच. आपल्या कानाला हे एकच नाव आहे. पण संगणकाला कान नाही. जिथे नाव तंतोतंत जुळावे लागते, तिथे एका बिटाने एका माणसाची दोन माणसे होतात.

मराठीचे काय? १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. पुण्याच्या सी-डॅकने संगणकावर भारतीय भाषा आणण्याचे मोठे काम केले. आज जगभर युनिकोड चालतो. वसई तालुक्यातले ‘चांदीप’ घ्या. डोळ्याला अक्षरे तीन. संगणकाला खुणा सहा: च, काना, अनुस्वार, द, दीर्घ वेलांटी, प. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे एकूण १४४ बिट. वेलांटी ऱ्हस्व टाकली की संगणकाच्या लेखी गावच बदलले. शिवाय १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदांवर इथला जिल्हा ठाणे आहे, हेही अर्ज भरताना ध्यानात ठेवावे.

म्हणून आमची विनंती एवढीच: बाळाच्या जन्मनोंदणीआधी घरात बसून नावाचे स्पेलिंग मराठी-इंग्रजी दोन्हींत कागदावर लिहा. आईवडिलांच्या नावांचेही लिहा. तोच कागद दवाखान्यात, शाळेत, आधार केंद्रात दाखवा. टाइप झाल्यावर ‘सबमिट’ करण्याआधी पडद्यावरचे प्रत्येक अक्षर स्वतः वाचा. मोठेपणी नाव बदलायचेच झाले तर शासनाच्या राजपत्राची वाट आहे. पण सुरुवातीची पाच मिनिटे त्यापेक्षा स्वस्त पडतात.